डावखुरी गाडी

“भंगारवाला शनिवारी येतो म्हणालाय. आता ताडपत्री काढून धूळ खायची हौस कुणाला आलीय?” ताईनं हे तिसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदाही तिला कुणी उत्तर दिलं नाही.

शेडमध्ये जो तो आपल्या उद्योगात होता. धाकटा भाऊ ताडपत्रीचं टोक धरून ओढत होता आणि प्रत्येक ओढीमागे एक शिंक देत होता. भावजय मोबाइल उंच धरून फोटो काढत होती. आणि ज्याला हे सगळं पाहायला मुद्दाम बोलावलं होतं तो मिस्त्री हात मागे बांधून शांत उभा होता. पेशंट सदरा काढेपर्यंत डॉक्टर उभा राहतो तसा.

धाकटा भाऊ म्हणजे वयानं साठीला आलेला, कापडाच्या दुकानाचा मालक. अख्खा बाजार त्याला शेठ म्हणे. ताईच्या तोंडी मात्र तो बंड्या होता आणि बंड्याच राहणार होता. शेड पाडून तिथे दुकानाच्या मालासाठी गोदाम बांधायचं त्याच्या मनात होतं. गोदाम बांधायचं तर आधी ती गाडी हलायला हवी. वडील होते तोवर गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी गाडी होती तिथेच, टायर जमिनीला चिकटलेले, टपावर घरातली सगळी मोडकी खोकी. ती भंगारात घालावी हे ताईनंच सुचवलं आणि भंगारवालाही तिनंच शोधला. एरवी घरातल्या कुठल्याही गोष्टीत न पडणाऱ्या या बाईनं एवढी तत्परता दाखवावी, याचं सगळ्यांना नवलच वाटलं होतं.

पण भावजय पक्की. तिनं मागच्या दिव्याचा फोटो कुणाला तरी पाठवला, त्यानं आणखी कुणाला तरी, आणि भंगारवाल्याच्या आधी हा मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. जुन्या गाड्या जिवंत करणं हा त्याचा धंदा. त्याची स्वतःची स्कूटर मात्र बाहेर उतारावर लावलेली होती, कारण तिला धक्क्याशिवाय चालायची सवय नव्हती.

ताडपत्री एकदाची खाली आली. करड्या रंगाचा जाड थर दिलेली, गोलसर पाठीची गाडी दिसू लागली. रंगवणाऱ्यानं हात इतका सैल सोडला होता की दांड्या, पट्ट्या, पुढची जाळी, सगळंच करडं होतं.

“मॉरिस आहे,” बंड्या नाक पुसत म्हणाला. “बाबा मॉरिसच म्हणायचे.”

मिस्त्रीनं हो-नाही काहीच केलं नाही. मिस्त्री खाली वाकला, दरवाज्याखालून हात फिरवला, चाकाची वाटी वाजवून पाहिली. मग दार उघडून आत डोकावला. आत लाकडी डॅशबोर्ड होता आणि सीटवर खरं चामडं, उंदरांनी कोपरे खाल्लेलं. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, की खालचा सांगाडा मॉरिसचाच आहे, पण मॉरिस काही एवढी नटत नाही. ही तिची श्रीमंत घरात दिलेली बहीण असावी. मग तो गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला, जाळीच्या मागे बोट घातलं आणि थांबला.

“हिच्या नाकात दिवा आहे,” तो म्हणाला.

त्यानं फडकं थिनरमध्ये भिजवून जाळीच्या मधोमध घासायला सुरुवात केली. करडा रंग पापुद्र्यांनी निघाला. खाली लंबगोल पांढरी पाटी निघाली आणि तिच्यावरची अक्षरं एकेक करून वर आली. वुल्झली. जुनी इंग्लिश गाडी, मिस्त्रीनं सांगितलं. अंधारात दिवे लावले की या पाटीमागचा दिवा लागतो आणि गाडी आपलं नाव सांगत रस्त्यानं जाते. दुसरी कुठली गाडी असला नखरा करत नाही.

भावजयीला इतका आनंद झाला की तिनं पाटीचेच चार-सहा फोटो काढले. “म्हणजे इतकी वर्षं आपण हिला भलत्याच नावानं हाक मारत होतो,” बंड्या म्हणाला. पुढच्या बाजूला जाणारी एक वायर ताईनं फार पूर्वी पाहिली होती, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ही कुठे जाते, असं तिनं वडिलांना विचारलंही होतं. कुठे जात नाही, सोडून दे, असं ते म्हणाले होते.

“आता बॉनेट उघडू या,” मिस्त्री उठत म्हणाला.

“नको,” ताई म्हणाली.

ती इतक्या चटकन म्हणाली की तिघंही तिच्याकडे वळले. ताईनं मग सारवासारव केली. आत विंचू असतील, झाकण गंजलंय, हातात येईल, शनिवारी भंगारवाला यायचाच आहे. तिचं तिलाच ते पटेना. शेवटी ती दूध उतू जाईल म्हणून घरात निघून गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती उभी राहिली. शेडचं दार तिथून समोर दिसे. त्या बॉनेटखाली काय आहे ते या घरात फक्त ती विसरली नव्हती. तिथे तिनं मारलेलं इंजिन होतं.

तेव्हा ती विशीची होती. वडील लाकडाच्या वखारीत मुकादम होते. आयुष्य ट्रकांत गेलेलं. गिरणीतला एक इंजिनिअर गाव सोडून चालला, त्याच्याकडून त्यांनी ही गाडी घेतली. गाडी पोचवायला त्याचा म्हातारा फिटर आला होता. त्यानं बॉनेट उघडून सगळं समजावून सांगितलं तेव्हा वडील कामावर होते, आणि बंड्या पेट्रोलच्या वासानं डोकं दुखतं म्हणून गच्चीवर पळाला होता. ऐकायला उरली ताई. फिटरला तिचे प्रश्न आवडले असावेत, कारण नंतरही तो कित्येक रविवारी येत राहिला. गाडीचं नाव तो घेत नसे, नुसतं ‘इंग्लिश गाडी’ म्हणे. वर्षभरात ताई प्लग साफ करायला, ऑइल बदलायला, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचं अंतर लावायला शिकली. कान देऊन इंजिन ऐकायला आणि गाडी चालवायलाही शिकली. वडील चारचौघांत म्हणत, “आमच्या घरी मुलगीच मेकॅनिक आहे हो,” आणि ते ऐकताना तिचे कान लाल होत.

मग बंड्याची परीक्षा आली. नौदलात भरती होण्याची, दूरच्या शहरात. वडिलांचा सगळा जीव त्यात अडकलेला. मुलाला आपल्याच गाडीनं पोचवायचं असं त्यांनी ठरवलं. आदल्या दिवशी ताईनं दिवसभर खपून गाडी तयार केली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे निघाले आणि अर्ध्या वाटेवर गाडीचा दम सुटू लागला. लाल दिवा पेटला, जळका वास आला, बॉनेटच्या फटीतून धूर आला आणि गाडी उभी राहिली ती कायमची. ताई उतरायला गेली तर वडिलांनी दार बाहेरून दाबून धरलं. रस्त्यावर माणसं जमली होती. त्या सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “तू हात लावलास आणि गाडी मेली. पोराचं आयुष्य गेलं. आता पुन्हा कशाला हात लावू नकोस.”

तिनं लावला नाही. परीक्षा हुकली, पुढच्या वर्षी बंड्याचं वय बसेना, तो कापडाच्या दुकानात नोकरीला लागला. गाडी ट्रकला बांधून घरी आली, शेडमध्ये गेली. इंजिन जाम झालंय, असं वडिलांनी जाहीर केलं आणि कुण्या मिस्त्रीला त्या दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. ताईनं वाचनालयात नोकरी धरली. पुस्तकं मिटलेली जायची, मिटलेली यायची, आपण हात लावून त्यात काही बिघडत नाही, हे तिला फार बरं वाटे. पुढे लग्न झालं. नवरा भला माणूस होता. बायको विजेला घाबरते अशी समजूत करून घेऊन तो जन्मभर घरातले दिवे आणि फ्यूज बदलत राहिला. मूलबाळ झालं नाही. तो गेल्यावर ती माहेरच्या वरच्या खोलीत राहायला आली. मिक्सर अडला की ती भावजयीला हाक मारी, आणि टीव्हीचा रिमोट ताईच्या हाती देऊ नका, बंद पडेल, अशी घरात चेष्टा चाले. ताईही हसायची. हसत हसत रिमोट भावजयीकडे सरकवायची.

आणि आता एक अनोळखी माणूस बॉनेट उघडून सांगणार होता, की हो, हे हिनंच मारलंय. नेमकं काय चुकलं तेही सांगणार. चाळीस वर्षं जो निकाल ती मानून चालली होती त्यावर सहीशिक्का बसणार.

“ताई, जरा येता का?” मिस्त्रीची हाक आली.

ती गेली. जाताना उगाचच पदराला हात पुसत गेली. बॉनेट उघडं होतं. भावजय टॉर्च धरून उभी होती. बंड्या दुकान उघडायला निघून गेला होता, ते एक बरं झालं.

“शेठ म्हणाले, या गाडीचं काम तुम्हीच करायचात,” मिस्त्री म्हणाला. “मग सांगा, ही बॅटरी बसवली कुणी?”

“मीच,” ताई म्हणाली. आरोपी सवयीनं कबूल करतो तशी.

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं. “वाटत नाही तसं. बाकीचं काम बघा. वायर वायरीच्या जागी, नटाची एक कड झिजलेली नाही. इतक्या निगुतीनं काम करणारा माणूस बॅटरी अशी बसवेल?”

ताईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाकून आत पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. ही तिची बॅटरीच नव्हती. तिची बॅटरी काळी होती, एका कोपऱ्यावर तडा गेलेली, त्या तड्याला तिनंच डांबर लावलेलं. ही लालसर, रुंद, ट्रकांत असते तशी, पट्टीखाली जेमतेम दाबून बसवलेली. ही बॅटरी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

“आणि हे बघा,” मिस्त्री म्हणाला. “गाडीच्या बॉडीला जाणारी पट्टी उणेवर लावलीय.”

“उणेवर?” ताईचा आवाज एकदम वेगळा आला. “अहो, पण ही गाडी डावखुरी आहे.”

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

म्हाताऱ्या फिटरनं सांगितलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी. जगातल्या सगळ्या गाड्यांत बॅटरीचं उणे टोक बॉडीला जोडतात. या जुन्या इंग्लिश गाड्यांत अधिक टोक जोडतात. बाकी सगळे उजव्या हातानं जेवतात, ही डाव्या हातानं. तिला तिच्या हातानं जेवू दे, असं तो म्हणायचा. ताईनं प्रत्येक वेळी आधी अधिकच्या खुणेवर बोट ठेवून मगच पट्टी आवळली होती.

मिस्त्रीनं तिला एकेक दाखवलं. उलटी बॅटरी लागली तरी ही गाडी चालू होते, हाच खरा घात. दिवे लागतात, इंजिन फिरतं. पण डायनामो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि शेवटी मधला नियंत्रणाचा डबा जळतो. तो डबा त्यानं उघडून ठेवला होता. आत सगळं काळंठिक्कर. “तुमचं इंजिन मेलं बिलं काही नाही. हा एवढासा डबा जळलाय. बास.”

ताई ऐकत होती, पण तिची नजर दुसरीकडेच होती. बॅटरीची दोन टोकं सारख्या जाडीची नसतात; अधिकचं जाड असतं, उणेचं बारीक. त्यामुळे उलटी लावायची तर एक पकड पसरवावी लागते आणि दुसरी ढिली बसते. इथे एक पकड हातोडीनं ठोकून फाकवलेली होती. आणि ढिल्या पकडीत कुणीतरी पत्र्याची छोटीशी घडी सारली होती. ताईनं ती नखानं ओढून काढली. गंजली होती, पण एका बाजूला लाल रंग आणि सोनेरी कड शिल्लक होती.

घशाच्या गोळ्यांची डबी. वडिलांच्या खिशात ती बारा महिने असे. रिकामी झाली की ते तिच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून ठेवत, आणि घरात जिथे जे ढिलं होईल तिथे ती पट्टी सारत. खिडकी खडखडली, सार पट्टी. खुर्ची डुगडुगली, सार पट्टी. आईच्या बांगडीचा फासा सैल झाला तेव्हाही त्यांनी पट्टीच काढली होती, तेव्हा आईनं हात ओढून घेतला होता.

“बाबांनी बसवली,” ताई म्हणाली. “त्या पहाटे. मला न सांगता.”

मग ती तिथेच, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. भावजयीनं टॉर्च विझवली आणि पाणी आणायला धावली, कारण तिच्या वन्सं रडत होत्या की हसत होत्या ते तिला कळेना. ताईलाही नीट कळत नव्हतं. छातीवर इतकी वर्षं कुणी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटत होतं, आणि श्वास इतका खोल आत जात होता की तिला त्याचीच गंमत वाटत होती. मिस्त्री शहाणा माणूस. तो कार्बोरेटरमध्ये तोंड घालून बसला आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

दुपारी ती दुकानात गेली. ताई दुकानात सहसा येत नसे, त्यामुळे बंड्या दचकला आणि गिऱ्हाइकाचं कापड वाकडं कापून बसला. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती तागांच्या ढिगाशी बसून राहिली. मग तिनं पत्र्याची घडी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तडा गेलेल्या जुन्या बॅटरीचा भरवसा वाटेना म्हणून बाबांनी पहाटे उठून वखारीच्या ट्रकची नवी बॅटरी बसवली असणार. ट्रकची सवय, तशीच बसवली. इंजिनाला काही झालंच नव्हतं.

“तुझी परीक्षा माझ्यामुळे नाही हुकली, बंड्या,” तिनं शेवटी म्हटलं. हे वाक्य ती घरापासून घोकत आली होती.

कात्री उचलून बंड्यानं बाजूला ठेवली, मग पुन्हा उचलली. “ताई, तुला एक सांगू? मला जायचंच नव्हतं गं. पाण्याची भीती मला, बोटीवर काय करणार होतो? रात्रभर झोपलो नव्हतो. गाडी बंद पडली तेव्हा म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मी रस्त्याच्या कडेला तोंड पाडून बसलो होतो ना, ते हसू लपवायला.”

ताई त्याच्याकडे पाहतच राहिली. या माणसाचं आयुष्य आपण बुडवलं म्हणून ती जन्मभर त्याच्या ताटात आधी वाढत आली होती. त्याच्या प्रत्येक खोकल्याला ती स्वतःला जबाबदार धरत होती. आणि हा बाबा मजेत होता.

“मग सांगायचं तरी मेल्या.”

“बाबांना? जिवंत सोडलं असतं का त्यांनी?”

“मला.”

बंड्या कापडाची कड चिमटीत धरून उगाच चुरगळत राहिला. तू हे मनाला लावून घेतलंयस हे मला कळलंच नाही, असं तो हळूच म्हणाला. तू गाडीजवळ जाईनाशी झालीस, मला वाटलं तुझा उत्साह ओसरला. विचारायला हवं होतं. मी कधी विचारलंच नाही. ताईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणी घालायची त्यापेक्षा जरा जोरात.

वडिलांवर मात्र ती चांगली दोन दिवस चिडून राहिली. मेलेल्या माणसावर चिडायचं म्हणजे एकट्यानंच भांडण करायचं, पण तिनं ते रीतसर केलं. भाजी चिरताना, जिना चढताना ती त्यांना जाब विचारत होती. एकदा तरी बॉनेट उघडून बघायचं होतं. मला बघू द्यायचं होतं. आणि नवी बॅटरी आणली तर आणली, मला उठवायचं होतं. तिसऱ्या दिवशी वरच्या खोलीची खिडकी लावताना चौकटीत सारलेली लाल पट्टी तिच्या बोटांना लागली, आणि तिला तो माणूस दिसला. पोराची परीक्षा म्हणून डोळ्याला डोळा न लागलेला, अंधारात जड बॅटरी उचलून आणणारा, बसत नाही म्हणून ठोकणारा. काळजीपोटीच माणूस नाही ते करून बसतो. राग गेला असं नाही. पण त्याची धार गेली.

भंगारवाल्याला बंड्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. गोदामाचं पुढे बघू, असं भावजयीनं परस्पर जाहीर केलं. आणि मिस्त्री रोज येऊ लागला.

पहिल्या दिवशी ताई लांब उभी राहून सांगत होती. तो पाना नव्हे, त्याच्या शेजारचा. तो नट उलटा फिरतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्री वैतागला. त्यानं प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडून ठेवलं होतं, आता इंजिन हातानं फिरतंय का ते पाहायचं होतं. पुढच्या पुलीच्या नटाला त्यानं लांब पाना लावला आणि बाजूला झाला.

“लावा हात,” तो म्हणाला. “इंजिन तुमचं आहे.”

ताईनं पाना धरला. तिनं हलकाच जोर दिला. काही झालं नाही. जाम झालंय, वडिलांचा आवाज म्हणाला. तिनं पाय नीट रोवले आणि अंगाचा भार दिला. आत कुठेतरी कुरकुर झाली, आणि मग झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं इंजिन हळूच, जडपणे फिरलं. तिनं पुन्हा फिरवलं. मग पुन्हा. मिस्त्रीनं आता पुरे म्हटलं तरी ती फिरवतच होती.

त्यानंतर तिला कुणी थांबवू शकलं नाही. टाकीतला तेलकट गाळ निघाला, नळ्या बदलल्या, ब्रेक नव्यानं भरले. मिस्त्रीनं कुठून तरी नियंत्रणाचा जुनाच पण धड डबा पैदा केला. टॅपेट ताईनं लावले. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतरही तिनंच लावलं, पात्याच्या गेजनं. हात विसरले नव्हते, तिचीच आठवण त्यांच्यापेक्षा कच्ची निघाली. भावजयीला आता जेवायला हाका मारून मारून कंटाळा आला होता. वन्सं काळ्या हातांनी ताटावर बसतात म्हणून तिनं खास साबण आणला, तो तसाच पडून राहिला.

नव्या बॅटरीचं अधिक टोक ताईनं बोट ठेवून दोनदा पाहिलं आणि बॉडीच्या पट्टीला आवळलं. डायनामो उलट्या ओढीत आपली बाजू विसरलेला असतो. एक वायर क्षणभर टेकवून त्याला ती आठवून द्यावी लागते. मिस्त्रीनं वायर तिच्या हातात दिली. तिनं टेकवली. निळी ठिणगी उडाली आणि भावजय किंचाळली. ताई जागची हलली नाही. विजेला घाबरणारी बायको म्हणून जिला नवऱ्यानं जन्मभर सांभाळलं, तिला त्या क्षणी त्याची फार आठवण आली.

किल्ली फिरवली तेव्हा पेट्रोलचा पंप टकटकला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि मग एकदम धरलं. शेडभर निळा धूर झाला. बंड्या दुकान टाकून धावत आला होता. धुरात त्याला काही दिसेना, पण तो टाळ्या पिटत होता. लाल दिवा लागला, लुकलुकला आणि गेला. ताईनं डोळे मिटून कान दिला. तिसरा टॅपेट जरा वाजत होता. बाकी सगळं छान होतं.

रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायचं ठरलं. बंड्यानं ऐटीत ड्रायव्हरच्या बाजूचं दार मिस्त्रीसाठी उघडून धरलं, तर मिस्त्री वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. मागे बंड्या आणि भावजय. ताईनं चष्मा पुसला, पाय क्लचवर ठेवून पाहिला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. गल्ली संपली, बँक गेली, शाळा गेली. लोक थांबून बघत होते. बंड्या मागून प्रत्येकाला हात करत होता, जसं काही त्यानंच सगळं केलं होतं.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाडीनं दोन हिसके दिले आणि ती बंद पडली.

बंड्याचा हात हवेत तसाच राहिला. मागे एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. मिस्त्रीचा हात दाराच्या दांडीकडे गेला, पण ताई आधीच उतरली होती. तो मग खिडकीबाहेर बघत स्वस्थ बसून राहिला.

बॉनेट उघडलं तशी चार माणसं जमली. एकानं ढकला म्हटलं, एकानं इंजिन गेलं असणार म्हटलं. ताईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं पेट्रोलच्या गाळणीची काचेची वाटी सोडवली आणि उजेडाकडे धरून पाहिली. तळाशी तांबूस गाळ बसला होता. चाळीस वर्षं उभी असलेली टाकी; एका धुण्यानं थोडीच स्वच्छ होणार. गाडी होती, बंद पडली होती. एवढंच झालं होतं, त्याहून जास्त काही नाही.

बंड्या घाईघाईनं उतरून तिच्याजवळ आला. “ताई, काय झालं गं?”

“कचरा आलाय. पाच मिनिटं लागतील. ऊन आहे, आत बस,” ती म्हणाली.

तो आत गेला नाही. तिची पर्स आणि चष्म्याचं घर सांभाळत तो तिच्या बाजूला उभा राहिला. मागच्या टेम्पोचा हॉर्न चालूच होता. ताईनं त्याला हातानंच बाजूनं पुढे जायची खूण केली आणि वाटी पुसायला घेतली.